कोरडा खडू

कानसेनला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, शिट्टीसुद्धा धड मारता येत नव्हती. पण ऐकता येत होतं. असं ऐकता येत होतं की पोरवयातच त्याला हे नाव पडलं आणि खरं नाव कागदोपत्री उरलं. गाणं रेकॉर्ड झालं, वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवून झाले, सगळे दमून घरी गेले, की ते गाणं शेवटी त्याच्या खोलीत यायचं. कुठे आवाज बोथट असेल तर धार लावायची, कुठे टोचत असेल तर कोपरे घासायचे आणि मग ते जगात सोडून द्यायचं. या कामाला मास्टरिंग म्हणतात. नाव भारदस्त, पण काम म्हणजे खुर्चीत बसून ऐकणं. "नुसतं बसून ऐकायचा धंदा आहे यांचा," असं त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, तेही अशा खणखणीत आवाजात, की शेजाऱ्यांनाही वेगळं सांगायला नको. ती मुलांना पोहायला शिकवायची. तलावावर बोंबलून बोंबलून तिचा आवाज असा झालाय, असं कानसेन धरून चालला होता.

घरामागच्या गॅरेजची त्याने खोली केली होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, आणि बरोबर मध्यावर एक खुर्ची. मागे भिंतीला टेकून एक बाक. ज्यांचं गाणं असेल त्यांनी बाकावर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हा नियम त्याच्या गुरूचा, मास्तरांचा. "खोलीत एकाच माणसाचे कान," मास्तर म्हणायचे. "दहा जणांनी चाखून मीठ घातलं तर खाणार कोण?" मास्तरांच्या हाताखाली कानसेनने कित्येक वर्षं काढली, पण त्या खोलीत त्याने कधी ब्र काढला नाही. पुढे स्वतःची खोली झाली तेव्हा पहिला आणला तो हा नियम, स्पीकर नंतर आले.

आता ज्या बँडमुळे हे सगळं घडलं त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव 'ओला खडू'. एका शाळेतल्या चार मुलांनी आणि एका मुलीने काढलेला रॉक बँड. ओल्या खडूने फळ्यावर लिहिलं की आधी काही दिसत नाही, वाळल्यावर अक्षरं उठून येतात. त्यांची गाणीही तशीच, पहिल्यांदा ऐकल्यावर हाती काही लागत नाही आणि आठवड्याने भांडी घासताना आपणच गुणगुणत असतो. तीस वर्षं झाली, केस पिकले, पोटं सुटली, बँड चालूच. पहिल्या सात अल्बमांवर लोकांनी जीव ओवाळून टाकला. शेवटच्या चारांना मात्र चाहत्यांनीच नाव ठेवलं: 'कोरडा खडू'. कारण काय, तर ते ऐकताना कोरडा खडू फळ्यावर कर्रकन ओढल्यासारखं होतं. अकराही अल्बमांचं मास्टरिंग मास्तरांचं.

आठवा अल्बम आला तेव्हा कानसेनने अर्धं गाणं ऐकलं होतं. कानात काच गेल्यासारखं झालं. त्याने तो बंद केला आणि पुढचे तीन उघडलेच नाहीत. कोणी विचारलं तर कानावर हात. गुरूच्या कामाला नावं ठेवायची कोणी?

आणि आता या बँडच्या गायिकेचा, शाळेतल्या त्या एकुलत्या मुलीचा, फोन आला.

"अरे कानसेन, सगळे अल्बम नव्याने काढतोय आम्ही. पहिले सात आहेत तसेच. शेवटचे चार तू नव्याने कर. माणसांना ऐकवतील असे कर, बाबा."

"मास्तर काय म्हणतील?"

"मास्तरांनीच तुझं नाव सांगितलं. मी शुक्रवारी येते ऐकायला."

मास्तरांच्या कामावर हात टाकायचा? पण नाही तरी कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार लावून घेतलं, खुर्चीत बसला आणि दात आवळून आठवा लावला.

काच नव्हती. जरा कडक होतं, पण गिटार अशी तडतडत आली, की तो खुर्चीत ताठ झाला. बँडमधला एक जण नुकताच भांडून निघून गेला होता तेव्हाचा हा अल्बम. सगळा राग, सगळी आदळआपट, आणि तरी प्रत्येक तार सुटी. अरेच्चा, हा तर चांगला आहे! मग नववा. नववा संथ, वडील गेल्यानंतर गायिकेने लिहिलेला, तिच्या आवाजाला नुकती भेग पडू लागलेली. त्या भेगेतून येणारी हवासुद्धा त्याला ऐकू आली. दहाव्याने तर त्याला उठवून उभंच केलं. आणि अकरावा! त्यात पाचच गाणी, लांबलचक. चौथ्या गाण्यात गायिका मोजक्याच ओळी गाते. ड्रमवाला काठ्या टाकून तारांच्या ब्रशने चामडं कुरवाळतो, आणि कोणीतरी मागे किल्ल्यांचा जुडगा हलवतं. छुन, छुन, छुन. प्रत्येक किल्ली वेगळी मोजून घ्यावी. कित्येक वर्षांत कुठलंही गाणं त्याला इतकं लख्ख ऐकू आलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला तो बाप्या चक्क रडला.

दार ढकलून बायको चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच तिचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं. कप कसाबसा टेबलावर टेकवून तिने दोन्ही कान दाबले.

"अहो, बंद करा ते! दात शिवशिवतायत माझे!"

"तुझ्या कानांत तलावाचं पाणी गेलंय," तो हसून म्हणाला. ती काहीतरी बोलणार होती, पण तशीच निघून गेली.

त्याने लगेच गायिकेला फोन लावला. उत्साह नुसता उतू जात होता. "काही करायला नकोय गं यांना! अकरावा तर तुमचा सगळ्यात सुंदर अल्बम आहे. ज्यांना टोचतो त्यांनी आपले कान तपासून घ्यावेत!"

 फोन कटला की काय, असं वाटून त्याने हॅलो हॅलो केलं.

"मास्तरही हेच म्हणाले होते," ती म्हणाली. "असंच. कान तपासून घ्या म्हणून." मग घाईने, "शुक्रवारी बोलू," आणि फोन ठेवला.

ती असं का बोलली? तो चहा ढवळत बसला, साखर केव्हाच विरघळली होती. तिचं बोलणं काही घशाखाली उतरेना. शेवटी मन हलकं करायला म्हणून त्याने बऱ्याच वर्षांनी तिसरा अल्बम लावला. तिसरा त्याचा जीव की प्राण. त्यातल्या शेवटच्या गाण्यात खंजिरी त्याने स्वतः वाजवली होती. झालं असं, की तेव्हा रेकॉर्डिंगही मास्तरच करायचे, ऐन वेळी माणूस कमी पडला आणि मास्तरांनी खंजिरी याच्या हातात कोंबली. भीतीने पहिला ठोका केसभर उशिरा पडला. "राहू दे," मास्तर म्हणाले, "उशिराच गोड आहे." तो उशिराचा ठोका त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

गाणं सुरू झालं. गोधडीखालून आल्यासारखं. बोजड, मळकट. ड्रमवरची सिंबल वाजतायत की कोणी कागद चुरगाळतंय तेच कळेना. गायिकेचा तरणा आवाज, पण जणू दुसऱ्या खोलीतून. आता येईल, आता खंजिरी येईल, म्हणून त्याने कानांत प्राण आणले.

खंजिरी आलीच नाही.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा नाही. समोर पडद्यावर आवाजाचा आलेख हलत असतो, खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे. तिथे उजव्या टोकाला बारीक उजेडाच्या सळ्या उभ्या राहत होत्या आणि पडत होत्या. पहिली सळी केसभर उशिरा. खंजिरी तिथे होती. दिसत होती. त्याच्या हातची होती. आणि त्याला ऐकू येत नव्हती.



माणूस अशा वेळी आधी तारांना दोष देतो. त्याने सगळ्या तारा काढून पुन्हा जोडल्या, डावा स्पीकर उजवीकडे नेला, हेडफोन लावले, आवाज इतका वाढवला की टेबलावरचा चमचा बशीत नाचायला लागला. मग स्पीकर तपासायचा एक साधा सूर असतो, तो खालून वर चढवत नेला. सूर शिट्टीसारखा चढला, बारीक झाला आणि विझला. पडद्यावर मात्र उजेडाचा ठिपका आरामात पुढे चालला होता. अजून केवढी तरी वाट बाकी होती त्याची. कानसेनने कानाजवळ बोटं चोळून पाहिली. त्वचा त्वचेला लागल्याचं कळलं, आवाज म्हणून काही नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि त्याची पाचावर धारण बसली. फ्रीजचं दार उघडं राहिलं की टीं टीं करतं म्हणून बायको धावायची. त्याला वाटायचं, हिला फार घाई. एका नव्या मुलीच्या बँडने आपली गाणी गोड बोलून परत नेली होती. दुसऱ्या एकाने धीर करून विचारलं होतं, जरा टोचतंय का हो? तेव्हा याने त्याला स्वस्तातल्या स्पीकरवरून भाषण दिलं होतं. केवढं भाषण! आठवून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

म्हणजे अकरावा त्याला गोड का लागला? कारण तो बहिऱ्या माणसाने केला होता, बहिऱ्या माणसासाठी. मास्तरांचे वरचे सूर जात गेले, तसतसे ते ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा जोर, वाढवत गेले. आठव्यात थोडा, नवव्यात आणखी, अकराव्यात धो धो. जगाला सुऱ्या लागल्या. आणि आज कानसेन त्यांच्या शेजारी जाऊन पोचला होता.

तो घाबरला. साधासुधा नाही, लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर घाबरतं तसा. गाता येत नाही, वाजवता येत नाही, आता ऐकताही येत नाही, तर उरलं काय? शुक्रवारी गायिका येणार. सांगितलं तर या खोलीला कुलूप. नाही सांगितलं तर त्या चार अल्बमांचं दुसऱ्यांदा वाटोळं, आणि तेही त्याच्या हातून. दुपारभर त्याने एक पळवाट करून पाहिली: ऐकायचंच नाही, पडदा बघून काम करायचं. एका गाण्याच्या सळ्या कापून कापून त्याने बेताच्या केल्या. पण झालं ते चांगलं की वाईट, हे कळणार कसं? आमटीचा फोटो बघून मीठ ठरवायचा तो प्रकार. त्याने पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. पण दुसरीकडे जाणार कुठे?

मास्तरांच्या सुनेने दार उघडलं आणि आत वळून घसा फोडून ओरडली, "कानसेन आलेत!" मास्तर खिडकीपाशी मटार सोलत बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद, खाली अक्षरं सरकत होती. ऐकायची यंत्रं कानाला नव्हती. ती मटाराच्या सालींशेजारी डबीत पडली होती.

"बस लेका," मास्तर म्हणाले. "समोर बस, तोंड दिसू दे. सोलायला घे."

कानसेनने मूठभर शेंगा घेतल्या. मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होते. किती थकले होते! पण डोळे तेच, खोलीत सगळ्यांना गप्प करणारे.

"शेवटचे चार तुझ्याकडे आलेत ना?"

"हो."

"अकरावा ऐकलास?"

"ऐकला."

"कसा आहे?"

इतक्या वर्षांत मास्तरांनी त्याला पहिल्यांदा असं विचारलं. आणि गंमत बघा, त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. "फार गोड आहे, मास्तर," तो म्हणाला आणि मग त्याला राहवेना. चौथ्या गाण्यात ब्रश कसा चामड्यावरून गोल फिरतो आणि शेवटी कडेला टेकतो, गायिका ओळ उचलायच्या आधी श्वास घेते तो कसा थरथरतो, आणि त्या किल्ल्या, छुन छुन, त्यातली एक जड, बाकी हलक्या. बोलता बोलता त्याचे हात हलायला लागले.

मास्तरांचे हात मात्र थांबले होते. अर्धी सोललेली शेंग तशीच चिमटीत. त्यांनी कानसेनकडे पाहिलं, मग त्याच्या एका कानाकडे, मग दुसऱ्या.

"अरेरे," ते म्हणाले. "तुला पण?"

 कानसेनने मान हलवली.

"लोक येतात," मास्तर म्हणाले, "छान झालाय म्हणतात आणि चहाच्या कपात बघत बसतात. किल्ल्यांचं कोणी बोलत नाही. किल्ल्या कानात घुसतात म्हणे खिळ्यासारख्या. मला नातवाने सांगितलं. लहान होता, खोटं बोलायला शिकला नव्हता. आजोबा, दुखतं, म्हणाला. तोवर अकरावा बाजारात गेला होता."

"पण इतक्या वर्षांत कोणीच कसं सांगितलं नाही तुम्हाला?"

"खोलीत एकाच माणसाचे कान, हा नियम कोणाचा होता?" मास्तर हसले, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "आठवा आला तेव्हा तुझे कान शाबूत होते, कानसेन. तुला कळलंच असणार. तू काय केलंस?"

कानसेनने आणखी एक शेंग उचलून सोलली.

"जाऊ दे. घाबरलायस?"

"हो, मास्तर. फार."

"मीही घाबरलो होतो. आतून ठाऊक होतं मला, पण वर यायला देत नव्हतो. जितका घाबरायचो तितका ट्रेबल वाढवायचो." त्यांनी शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "तू तसं करू नकोस. घाबर, पण बटणाला हात लावू नकोस."

घरी आला तेव्हा बायको कणीक मळत होती. त्याने तिच्या समोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. खंजिरी, पडद्यावरच्या सळ्या, मास्तर, शुक्रवार. सांगताना आवाज कापत होता, आणि तो किती मोठ्याने कापतोय हेसुद्धा आता कळत नाही की काय, या विचाराने आणखीच कापत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कणकेचे हात परातीवर झटकले.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"अहो, मी तलावावर ओरडते असं वाटतं तुम्हाला? तलावावर शिट्टी असते. पाण्यात बोलणं कोणाला ऐकू येतंय? तिथे मी तोंडसुद्धा उघडत नाही." तिचे डोळे भरून आले होते. "मी ओरडते ती या घरात."

तो मटकन स्टुलावर बसला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? मागून हाक मारली की तुम्ही वळायचा नाहीत, मग मी पुढे येऊन मारायला लागले. पुढून चालेना, मग मोठ्याने. रोज थोडं थोडं. आणि तुमच्या खोलीत एकाच माणसाचे कान ना? मला वाटलं, घरातही तोच नियम."

 ती कणकेच्या हातानेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि त्याचे केस पांढरे झाले, म्हणजे होते त्याहून पांढरे.

शुक्रवारी गायिका आली. बँडमधल्या जिच्यासाठी लोक वेडे झाले ती ही, आता चष्मा आणि गुडघ्याला पट्टा. सवयीने ती बाकाकडे वळली. कानसेन खुर्चीत बसला नव्हता. खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"मला वरचं ऐकू येत नाही," तो म्हणाला. घोकून ठेवलेलं सगळं भाषण विसरला आणि एवढंच राहिलं. "मास्तरांसारखंच. तू काम दुसऱ्याला दे."

गायिका बाकावर बसली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिली. "तुझा फोन आला त्या दिवशी रात्रभर डोळा लागला नाही माझा," ती म्हणाली. "म्हटलं, पुन्हा तेच. आठव्यापासून आम्हाला कळत होतं, कानसेन. पण मास्तरांच्या तोंडावर बोलायचं कोणी? ज्यांनी आम्हाला घडवलं त्यांच्या? मग आम्ही आमचंच कमी केलं. सिंबल कमी. गिटार मऊ. अकराव्यात तर ड्रमवाल्याने काठ्याच सोडल्या, ब्रश घेतले, की मास्तरांनी कितीही वाढवलं तरी कमी टोचावं. पेपरवाल्यांनी लिहिलं, बँड आता परिपक्व झाला." ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "कसला डोंबलाचा परिपक्व! भित्रे होतो आम्ही. किल्ल्या तेवढ्या मी हट्टाने ठेवल्या. माझ्या वडिलांचा जुडगा होता तो."

चहा घेऊन आलेली बायको दारातच उभी राहून ऐकत होती. मग तीच म्हणाली, बेताच्या आवाजात नव्हे, नेहमीच्या, "दुसऱ्याला कशाला? यांना मास्तरांसारखं ऐकू येतं ना? मग मास्तरांनी किती जास्त घातलंय ते यांच्याइतकं कोणाला कळणार?"

कानसेनने तिच्याकडे पाहिलं. बरोबर होतं. तिसरा अल्बम जगाला चांगला लागतो आणि त्याला गोधडीखालचा. म्हणजे अकरावा त्याला तसाच गोधडीखालचा लागेपर्यंत खाली आणायचा. जेव्हा त्याला काही उरणार नाही, तेव्हा तो बरोबर झाला. बघायला सोपं. पण ज्या चौथ्या गाण्यात त्याला अजून सगळं ऐकू येत होतं, ते त्याने आपल्याच हाताने विझवायचं होतं. इतकं लख्ख दुसरं गाणं त्याच्याकडे नव्हतं.

"एकदा आहे तसं ऐकू द्या," तो म्हणाला. "पूर्ण."

दोघींनी कान दाबून घेतले आणि त्याने चौथं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. डोळे मिटून. ब्रश, श्वास, किल्ल्या. 

मग त्याने बाक ओढून पुढे आणला, दोघींना आपल्या समोर बसवलं, तोंडं दिसतील अशा. "आता तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "टोचतंय, नाही टोचत, काय वाटेल ते. मध्येच बोला. खुशाल बोला."

गाणं पुन्हा सुरू केलं आणि बटणावर बोटं ठेवली.  त्याने अगदी जरासं खाली फिरवलं. बायकोच्या कपाळाला आठ्याच. "अजून." आणखी थोडं. किल्ल्यांतल्या हलक्या आधी गेल्या. "अजून," गायिका म्हणाली. जड किल्ली गेली. त्याला वाटलं थांबावं, इथेच थांबावं, एवढं तरी राहू द्यावं.  "अजून हो," बायको म्हणाली. मग ब्रश गेला. कोणीतरी रस्ता झाडता झाडता कोपऱ्यावरून वळावं तसा. मग ओळीआधीचा तो थरथरता श्वास. मग आवाजाची भेग, तिच्यातली हवा. राहिलं ते नुसतं ढब ढब आणि भिंतीपलीकडे कोणीतरी बाई गातेय एवढंच. ती बाई समोर बसली होती.

बायकोचे हात कानांवरून खाली आले. कपाळावरची आठी सुटली. ती गाण्याबरोबर किंचित डुलत होती, आणि आपण डुलतोय हे तिला कळतही नव्हतं.

"बास," ती म्हणाली. "आता सुंदर आहे."

तिने ते हळू म्हटलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच इतकी हळू बोलली. त्याला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"आणि किल्ल्या?" त्याने गायिकेला विचारलं. "किल्ल्या आहेत का गं?"

गायिकेचे डोळे मिटलेले होते. मांडीवर तिचा हात मुठीत काहीतरी धरल्यासारखा हलत होता, छुन, छुन, छुन, आणि पडद्यावर उजव्या टोकाला बारीकशी सळी त्या हाताबरोबर उठत होती.

"आहेत," ती म्हणाली. "मला आज पहिल्यांदा ऐकू आल्या."

त्याने ते गाणं तसंच जपून ठेवलं, डोळे पुसले आणि पाचवं लावलं.